दोन टाक्यांचा महासागर : हेन्री स्टॉमेल यांच्या संशोधनाचे मोल

1961 साली ‘टेलस’ या स्वीडनमधून निघणाऱ्या शास्त्रीय नियतकालिकात सात पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. निबंध महासागराविषयी होता, पण त्यात महासागर जवळजवळ नव्हता. होत्या त्या फक्त दोन टाक्या, त्यांना खालून जोडणारी एक बारीक नळी आणि वरून पाणी इकडचे तिकडे जाण्यासाठी एक वाट. लेखक होते हेन्री स्टॉमेल. पुढची जवळपास वीस वर्षे या निबंधाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. आज अटलांटिक महासागरातले अभिसरण एकाएकी बंद पडेल का, या प्रश्नावर कुठेही चर्चा निघाली की तिचे मूळ म्हणून याच निबंधाकडे बोट दाखवले जाते.

संशोधकाच्या कामाचे मोल कशाने ठरवायचे, हा प्रश्न या सात पानांनी मला पुष्कळ छळला आहे. 1965 ते 1975 या काळात एखाद्या समितीने संदर्भोल्लेख मोजून या निबंधाला गुण द्यायचे ठरवले असते, तर तो नापास झाला असता. तेव्हा आकड्यांवर विसंबता येत नाही, एवढे तर उघड आहे. पण मग विसंबायचे कशावर? या लेखात मी स्टॉमेल यांच्या कारकिर्दीतले चार-पाच टप्पे तपासून या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहे. त्यांचे संपूर्ण चरित्र इथे अभिप्रेत नाही.

पदवी नसलेला प्राध्यापक

सुरुवातीलाच एक कबुली द्यायला हवी. समुद्रशास्त्र मी कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. जे काही वाचले ते नोकरी सांभाळून, मिळेल त्या पुस्तकातून. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात मी स्टॉमेल यांच्यावर व्याख्यान दिले, तेव्हा माझा सगळा भर एकाच गोष्टीवर होता : या माणसाकडे पीएच.डी. नव्हती. येल विद्यापीठाची 1942 सालची बी.एस. ही त्यांची शेवटची पदवी. तरीही ते हार्वर्डला आणि नंतर एमआयटीला प्राध्यापक झाले, 1983 साली एडवर्ड लॉरेन्झ यांच्यासह त्यांना क्राफोर्ड पारितोषिक मिळाले, 1989 साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. व्याख्यान रंगले. शेवटी एका निवृत्त शिक्षकांनी उठून विचारले, “ते सगळं ठीक आहे हो, पण मग त्यांना हे प्रश्न सुचले कुठून?” मला उत्तर देता आले नाही. घरी येताना लक्षात आले, की मी स्टॉमेल यांच्याबद्दल बोलतच नव्हतो. मी स्वतःची वकिली करत होतो.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना माझे चित्र बदलत गेले. स्टॉमेल यांचा जन्म 1920 सालचा, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन गावचा. युद्धाच्या काळात त्यांनी येलमध्ये नौदलाच्या प्रशिक्षणार्थींना भूमिती आणि नौकानयनाला लागणारे खगोलशास्त्र शिकवले. 1944 साली ते मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेत आले. ही संस्था तेव्हा लहान होती. पण तिथे जहाजे होती, मोजमापांच्या वह्या होत्या आणि कोणाच्याही खोलीत जाऊन प्रश्न विचारण्याची मोकळीक होती. स्टॉमेल यांना पदवीची उणीव भासली नाही, कारण पदवी ज्यासाठी असते ते सगळे त्यांना तिथे मिळत होते. एकांतात घडलेला प्रतिभावंत ही त्यांची प्रतिमा आकर्षक आहे, पण खरी नाही.

पाच पाने आणि एक आयताकृती समुद्र

त्यांचा पहिला मोठा निबंध 1948 सालचा. त्यातला प्रश्न त्यांना सुचवला होता वुड्स होलचे त्यांचे ज्येष्ठ सहकारी रेमंड माँटगमेरी यांनी, म्हणजे शिक्षकांच्या शंकेचे निम्मे उत्तर इथेच मिळते. प्रश्न असा : महासागरांचे मोठे प्रवाह पश्चिमेच्या कडेलाच का दाटतात? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून जाणारा गल्फ स्ट्रीम अरुंद आणि वेगवान आहे. जपानजवळचा कुरोशिओही तसाच. उलट महासागराच्या पूर्व अंगाला पाणी रुंद पट्ट्यात संथ सरकते. गल्फ स्ट्रीमचा नकाशा बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकातच छापवून घेतला होता, पण तो तिथेच का आहे याचा पटेल असा खुलासा नव्हता.

स्टॉमेल यांनी काय केले? किनाऱ्यांची वळणे काढून टाकली, तळाचे डोंगर काढले, ऋतू काढले, क्षार आणि तापमानही बाजूला ठेवले. उरला तो 10,000 किलोमीटर लांब, साधारण 6,300 किलोमीटर रुंद आणि 200 मीटर खोल असा एक आयताकृती हौद. त्यावर दक्षिणेला पूर्वेकडून आणि उत्तरेला पश्चिमेकडून वाहणारा वारा आणि तळाशी थोडे घर्षण. मग त्यांनी हाच हौद वेगवेगळ्या अटींवर सोडवला. पृथ्वी फिरत नाही असे धरले, तर प्रवाह दोन्ही बाजूंना सारखाच येतो. पृथ्वी फिरते, पण त्या फिरण्याचा परिणाम सर्वत्र सारखा आहे असे धरले, तरी काही बदल होत नाही. मात्र तो परिणाम अक्षांशाप्रमाणे बदलतो, एवढी एकच गोष्ट आत घेतली की सगळा प्रवाह पश्चिमेच्या कडेला गोळा होतो.

कारण सोप्या शब्दांत असे सांगता येईल. वारा साऱ्या खोऱ्यातल्या पाण्याला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरकी देत राहतो. पाणी दक्षिणेकडे सरकताना अक्षांश बदलतो आणि त्यामुळे मिळणारी उलटी फिरकी वाऱ्याच्या फिरकीला भागवते. पण तेच पाणी उत्तरेकडे परतू लागले की अक्षांशाची फिरकी वाऱ्याच्याच बाजूला जाते. आता या दोघांना पुरून उरेल एवढे घर्षण हवे. ते मिळते प्रवाह अरुंद आणि जोरदार झाला तर, आणि खोऱ्याच्या पश्चिम कडेला लागून वाहिला तरच.

हा निबंध पाच पानांचा आहे. त्याची मर्यादाही त्याच पाच पानांत दिसते : त्यातले घर्षण गणिताच्या सोयीसाठी निवडलेले आहे, खऱ्या समुद्रात मोजलेले नाही. दोनच वर्षांनी वॉल्टर मंक यांनी वेगळ्या प्रकारचे घर्षण घेऊन आणि खरे वारे वापरून अधिक भरीव मांडणी केली. पण प्रवाह पश्चिमेला जातो याचे कारण तेच राहिले. माझ्या मते स्टॉमेल यांचे खरे कौशल्य इथे आहे : काय वगळावे हे त्यांना कळत होते. पुष्कळ संशोधक समुद्राचे चित्र अधिकाधिक भरगच्च करत नेतात. यांनी वस्तू एकेक करून बाहेर काढल्या आणि कुठली काढल्यावर चित्र कोसळते ते पाहिले.

बरोबर ठरणे आणि चुकीचे ठरणे

स्टॉमेल यांचे मोल ठरवताना बहुतेक लेखक 1948 आणि 1961 या दोन निबंधांवर थांबतात. मला त्या दोहोंमधला काळ अधिक बोलका वाटतो, कारण त्यात यशाशेजारी अपयशही आहे.

पन्नाशीच्या दशकात ते खोल समुद्राकडे वळले. सहकारी अर्नॉल्ड अ‍ॅरन्स यांच्याबरोबर त्यांनी मांडलेला सिद्धान्त असा : ध्रुवांजवळ मोजक्या ठिकाणी थंड, जड पाणी तळाशी बुडते आणि जगभर अतिशय सावकाश वर येते. त्यावरून गणित करता दोन निष्कर्ष निघत होते. एक, अटलांटिकच्या पश्चिम कडेला, गल्फ स्ट्रीमच्या खाली, दक्षिणेकडे जाणारा खोल प्रवाह असला पाहिजे. दोन, बाकीच्या विस्तीर्ण खोल समुद्रात पाणी मुंगीच्या पावलांनी ध्रुवांकडे सरकत असले पाहिजे.

पहिल्या निष्कर्षाची परीक्षा 1957 साली झाली. इंग्लंडच्या जॉन स्वॅलो यांनी एक फ्लोट बनवला होता, जो ठरावीक खोलीवर तरंगत राही आणि ध्वनीच्या खुणेने आपली जागा कळवी. स्वॅलो आणि वुड्स होलचे व्हॅलेंटाइन वर्दिंग्टन यांनी दक्षिण कॅरोलिनापासून दूर समुद्रात हे फ्लोट सोडले. ते दक्षिणेकडे गेले. जो प्रवाह आधी कागदावर होता तो पाण्यात सापडला. समुद्रशास्त्रात असे प्रसंग विरळा.

दुसऱ्या निष्कर्षाची परीक्षा 1959-60 मध्ये बर्म्युडाजवळ ‘एरीज’ या छोट्या जहाजावरून झाली. फ्लोट इतके सावकाश सरकतील की एकेकाच्या मागे महिनोन्‌महिने राहता येईल, असा बेत होता. प्रत्यक्षात ते सेकंदाला दहा-दहा सेंटिमीटर वेगाने, अपेक्षेच्या कितीतरी पट, आणि वाटेल त्या दिशेला गेले. शेजारी सोडलेले फ्लोटही एकमेकांपासून फटकून वागले. खोल समुद्र संथ नव्हता, तो मोठाल्या भोवऱ्यांनी भरलेला होता. स्टॉमेल-अ‍ॅरन्स सिद्धान्तातली ती संथ ध्रुवगामी चाल या गोंगाटात कुठे दिसेना.

इथे दोन वाटा होत्या. मोजमाप अपुरे आहे म्हणून सिद्धान्ताला चिकटून राहायचे, किंवा भोवरे हाच नवा विषय मानायचा. स्टॉमेल यांनी दुसरी वाट धरली. पुढे 1973 साली अटलांटिकच्या मध्यभागातल्या भोवऱ्यांचा माग काढणारी ‘मोड’ ही मोठी मोहीम झाली. तिच्या नेतृत्वात अ‍ॅलन रॉबिन्सन यांच्याबरोबर स्टॉमेल होते. स्वतःच्या सिद्धान्ताला ज्या गोष्टीने धक्का दिला, तिच्याच अभ्यासाला त्यांनी पुढची वर्षे दिली. 1954 साली त्यांनी खासगीरीत्या एक पुस्तिका छापून वाटली होती. महासागराच्या अभिसरणाविषयीच्या आपल्या कल्पना इतक्या स्वप्नवत का आहेत, असा सवालच तिचे शीर्षक होते. सिद्धान्त मांडले जातात पण ते खोटे ठरू शकतील अशी कसोटी कोणी लावत नाही, ही त्यांची तक्रार होती. ‘एरीज’ने ती कसोटी त्यांच्याच सिद्धान्ताला लावली. तक्रार करणारे पुष्कळ असतात. तिची किंमत स्वतः मोजणारे थोडे.

अरबी समुद्रातला एक ऑगस्ट

आपल्या समुद्राशीही या कारकिर्दीचा संबंध आहे. साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम झाली. सुमारे 40 जहाजांनी तीत भाग घेतला. भारताचे ‘आयएनएस किस्तना’ त्यांत होते, आणि या मोहिमेतूनच 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली, जिचे मुख्यालय आज गोव्यात दोना पावला इथे आहे.

1964 च्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत ‘आर्गो’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही जहाजे सोमालियाच्या किनाऱ्याजवळ पोचली. स्टॉमेल आणि वॉरन वूस्टर यांनी त्यावर लिहिलेला निबंध 1965 सालचा आहे. गल्फ स्ट्रीमचा खुलासा करणाऱ्या माणसाला सोमाली प्रवाहाचे आकर्षण का वाटावे, हे समजणे कठीण नाही. हाही पश्चिम कडेचाच प्रवाह, पण वर्षातून दोनदा दिशा उलटवणारा. जोरात असताना त्याचा वेग ताशी 7 सागरी मैलांपर्यंत मोजला गेला, आणि किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येत होते. स्टॉमेल यांच्या आयताकृती हौदात वारा कायमचा एकसारखा होता. इथे वारा काही महिन्यांत फिरतो आणि त्याच्यामागे समुद्रही फिरतो. हा प्रतिसाद इतक्या लवकर कसा येतो, याचे गणित जेम्स लाइटहिल यांनी 1969 साली मांडले. म्हणजे 1948 चे उत्तर अपुरे कुठे पडते, हे अरबी समुद्राने दाखवले, आणि ते पाहायला उत्तर देणारा स्वतः हजर होता.

टाक्यांचा निबंध आणि त्याचे वारस

आता पुन्हा 1961 कडे. दोन टाक्यांपैकी एक उष्ण कटिबंधाची : गरम आणि खारट. दुसरी ध्रुवाकडची : थंड आणि कमी खारट. थंडीने पाणी जड होते, क्षाराने पाणीही जड होते. तेव्हा दोन टाक्यांत रस्सीखेच सुरू असते : तापमान म्हणते थंड टाकी जड, क्षार म्हणतो गरम टाकी जड. खुबी अशी, की पाण्याचे तापमान हवेशी लवकर जुळवून घेते, क्षारता मात्र सावकाश बदलते. प्रवाह जोरात असेल तर पाण्याला क्षार साठवायला वेळच मिळत नाही. मग तापमान जिंकते आणि प्रवाह जोरातच राहतो. प्रवाह मंद असेल तर क्षाराला वेळ मिळतो, तो जिंकतो आणि प्रवाह मंद व उलटा राहतो. बाहेरची परिस्थिती तीच असूनही दोन स्थिर अवस्था संभवतात. समुद्र आज ज्या अवस्थेत आहे तिच्यातून तो दुसरीत घसरू शकेल का आणि हवामानाचे काय होईल, याकडे स्टॉमेल यांनी शेवटी निर्देश केला आणि निबंध संपवला.

तो जागा झाला ऐंशीच्या दशकात. 1982 साली क्लेस रूथ, 1985 साली वॉलेस ब्रोकर, 1986 साली फ्रँक ब्रायन, 1988 साली स्युकुरो मनाबे आणि रोनाल्ड स्टाउफर : कोणी तर्काने, कोणी संगणकावरच्या महासागरात, एकाहून अधिक अवस्थांची शक्यता समोर आणली. हिमयुगातले एकाएकी झालेले हवामानबदल तोवर अभ्यासकांपुढे आले होते. म्हणजे निबंध वीस वर्षे झोपला होता तो त्याच्या दोषामुळे नाही. तो ज्या प्रश्नाचे उत्तर होता, तो प्रश्न अजून कोणी मोठ्याने विचारला नव्हता.

पण इथे टीकाकाराने थोडे सावध व्हायला हवे. निबंधाचा प्रभाव मोठा असणे आणि तो नीट वापरला जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. 2023 साली कोपनहेगनच्या दोन संशोधकांनी समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या जुन्या नोंदींवरून अटलांटिकचे हे अभिसरण 2025 ते 2095 या दरम्यान कोसळेल असा अंदाज केला. त्यावर बरीच टीका झाली. त्यातला एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो : असा अंदाज करायचा तर समुद्र दोन टाक्यांसारखाच वागतो, हे आधी गृहीत धरावे लागते. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचा 2021 चा अहवाल अधिक जपून बोलतो. या शतकात अभिसरण मंदावणे अतिशय संभाव्य आहे, पण 2100 पूर्वी ते एकदम कोसळणार नाही असे मध्यम खात्रीने म्हणता येते, असे तो सांगतो. 2004 पासून उत्तर अटलांटिकमध्ये 26.5 अंश अक्षांशावर या अभिसरणाची सलग मोजणी चालू आहे, आणि निर्णय शेवटी अशा मोजणीनेच होईल. हे आपल्यापासून दूरचे प्रकरण नाही. ते अभिसरण खरोखर कोसळले तर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकेल आणि मोसमी पाऊस दुबळा होईल, असे प्रतिमाने दाखवतात. दोन टाक्या हे शक्यता दाखवणारे प्रतिमान आहे. त्यांच्याकडून तारीख मागणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मोजणीत न येणारे

काही प्रभाव संदर्भोल्लेखांत कधी उतरतच नाहीत. 1954 साली स्टॉमेल यांनी बर्म्युडाजवळ एक निरीक्षणस्थान सुरू केले : ठरावीक दिवसांनी त्याच जागी जायचे आणि वरपासून खोलपर्यंत तापमान व क्षारता मोजायची. काम कंटाळवाणे, पण ते आजही चालू आहे, आणि समुद्र तापत चालल्याचे सांगणाऱ्या सर्वांत दीर्घ खोल नोंदींत त्याची गणना होते. 1963 साली समुद्रातल्या घडामोडी किती विस्तारात आणि किती काळात घडतात हे दाखवणारी एक आकृती त्यांनी काढली. 1978 साली प्लवकांच्या अभ्यासकांनी ती आपल्या विषयाला लावली, आणि आज परिसरशास्त्रात ती ‘स्टॉमेल आकृती’ म्हणूनच ओळखली जाते. 1989 साली त्यांनी चक्क एक काल्पनिक लेख लिहिला. 2021 सालातून मागे वळून पाहणारा त्याचा निवेदक सांगतो, की ‘स्लोकम’ नावाची हजारभर छोटी यंत्रे जगभरच्या समुद्रात स्वतःहून बुडी मारून वर येत मोजमाप करत आहेत. अभियंता डग्लस वेब यांच्या प्रयत्नांतून ‘स्लोकम’ नावाचीच ग्लायडर यंत्रे पुढे खरोखर समुद्रात उतरली. त्याच जातकुळीचे सुमारे 4,000 आर्गो फ्लोट आज जगभर फिरत आहेत. त्यांतले काही आपल्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचे आहेत. स्टॉमेल 1992 साली गेले. यातले फारसे त्यांना पाहायला मिळाले नाही.

तेव्हा त्या निवृत्त शिक्षकांना आज मी काय सांगेन? प्रश्न त्यांना इतरांकडूनही मिळाले, समुद्राकडूनही मिळाले. एक माँटगमेरींनी दिला, एक फ्लोट भरकटल्यामुळे मिळाला. पदवीवाचून चालते हा त्यांच्या आयुष्याचा धडा नाही. प्रश्न देणारा सोबती, उत्तर तपासायला जहाज आणि चुकलो हे मान्य करायची तयारी, एवढे असेल तर पदवीची गोष्ट दुय्यम ठरते. यांतले जहाज माझ्याकडे कधीच नव्हते. सोबतीही थोडे. तिसरी गोष्ट मात्र कोणाच्या परवानगीवाचून मिळवता येते, आणि आमच्यासारख्या घरबसल्या अभ्यास करणाऱ्यांना तिचीच सर्वाधिक चणचण असते, कारण आम्हाला चूक दाखवणारे कोणी नसते.

त्या व्याख्यानाची टिपणे मी अजून ठेवली आहेत. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘पीएच.डी. नाही’ असे लिहिलेले आहे. त्याखाली आता मी 1960 हे साल आणि ‘एरीज’ हे नाव लिहून ठेवले आहे.